मुली फ्लोरिडाला निघाल्या, मागोमाग सगळी कॉलेजं: 'व्हेअर द बॉइज आर'ची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये कॉनी फ्रान्सिस ८७व्या वर्षी गेल्या. त्याच्या थोडंच आधी त्यांचं 'प्रिटी लिटल बेबी' हे साठच्या दशकातलं गाणं टिकटॉकवर अचानक धुमाकूळ घालू लागलं होतं. गाणं इतकं बाजूला पडलेलं, की खुद्द कॉनीबाईंनाही ते आठवत नव्हतं. साहजिकच त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत त्याचा गाजावाजा झाला. पण त्यांच्या पिढीच्या अमेरिकी प्रेक्षकांना त्यांचं नाव काढलं की आठवतं ते 'व्हेअर द बॉइज आर'. हे गाणं त्याच नावाच्या सिनेमाचं. आणि हा सिनेमा म्हणजे समुद्रकिनारी सुट्टी घालवायला निघालेल्या चार मुलींची रोमँटिक कॉमेडी.

एमजीएम स्टुडिओने तो २८ डिसेंबर १९६० रोजी प्रदर्शित केला. दिग्दर्शक हेन्री लेव्हिन, निर्माता जो पास्टरनाक. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातलं बर्फात गाडलं गेलेलं एक कॉलेज, इस्टरची सुट्टी, एक गाडी आणि चार मैत्रिणी. दक्षिणेला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल गावी जायचं, ऊन खायचं आणि जमलं तर एखादा मुलगा गटवायचा, एवढाच बेत. सिनेमा म्हणून तो थोर वगैरे नाही. पण एका गावाचं नशीब त्याने पंचवीस वर्षांसाठी बदलून टाकलं. 'स्प्रिंग ब्रेक', म्हणजे अमेरिकी कॉलेजांची वसंतातली सुट्टी, म्हटल्यावर आज डोळ्यांसमोर जी उघड्यावाघड्या गर्दीची, बिअरच्या कॅनची जत्रा येते, तिची मुळं शोधत गेलं की पाय याच सिनेमापाशी येऊन थांबतात. गंमत अशी की त्यात जाहिरातही होती आणि इशाराही होता. लोकांनी जाहिरात तेवढी उचलली.

खरं तर सुरुवात सिनेमाच्याही बरीच आधीची, आणि ती झाली एका पोहण्याच्या तलावापासून. फोर्ट लॉडरडेल हे मायामीच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवरचं, कालव्यांनी चिरलेलं गाव. १९२८ साली तिथे समुद्राला लागूनच ऑलिंपिक मापाचा खाऱ्या पाण्याचा तलाव बांधला गेला. त्याचं नाव कॅसिनो पूल. उत्तरेकडच्या कॉलेजांची पंचाईत अशी, की हिवाळ्यात त्यांच्या पोहणाऱ्या मुलांना उघड्यावर सराव करता येत नसे. तिसाच्या दशकाच्या मध्यावर न्यू यॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने आपला संघ इकडे आणला. बाकीच्या कॉलेजांनी ते पाहिलं, आणि १९३८ पासून ख्रिसमसच्या सुट्टीत तिथे आंतरकॉलेज जलतरण मेळावाच भरू लागला. मुलं परत जाऊन काय सांगत असतील ते उघड आहे. इकडे कमरेएवढं बर्फ, तिकडे उघड्या अंगाने वाळूत लोळता येतं! दुसऱ्या महायुद्धानंतर पोहणं मागे पडलं आणि वाळू उरली. त्यात सरकारी मदतीने सैनिक कॉलेजात शिकू लागले, पटसंख्या फुगली, जुनी गाडी विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आली. मिशिगनहून फोर्ट लॉडरडेल दोन हजार किलोमीटरहून जास्त. चौघांनी आळीपाळीने गाडी हाकली, पेट्रोलची वर्गणी काढली की झालं. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात इस्टरच्या दिवसांत साधारण वीस हजार विद्यार्थी तिथे येत असत. १९६०च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या होती ८३,६४८. म्हणजे दर चार गावकऱ्यांमागे एक पाहुणा, तोही विशीतला आणि बहुधा तहानलेला. लास ओलास रस्ता जिथे समुद्राला भिडतो तिथल्या 'एल्बो रूम' नावाच्या बारवर ही सगळी गर्दी येऊन आदळायची.

या गर्दीत १९५८ साली एक इंग्रजीचे प्राध्यापकही होते. ग्लेंडन स्वार्थआउट, मिशिगन स्टेट विद्यापीठाचे. आपले विद्यार्थी सुट्टीत नेमकं करतात तरी काय, हे बघायला ते त्यांच्यासोबत गेले. प्राध्यापक म्हणून कमी आणि कादंबरीकार म्हणून जास्त, हे सांगायला नकोच. त्यातून कादंबरी निघाली आणि १९६०च्या सुरुवातीला ती छापून आली. तिचं मूळ नाव 'अनहोली स्प्रिंग' होतं. नवं नाव मिळालं ते एका मुलीच्या उत्तरातून. 'टाइम' साप्ताहिकाने १३ एप्रिल १९५९च्या अंकात या किनाऱ्यावरच्या धिंगाण्यावर 'बिअर अँड द बीच' असा मजकूर छापला होता. इथे का येता, असं विचारल्यावर एक विद्यार्थिनी सरळ म्हणाली, मुलं इथे आहेत म्हणून. हक्क घेणाऱ्या एमजीएमला तेच नाव हवं होतं आणि कादंबरीवरही तेच लागलं.

कादंबरी सिनेमापेक्षा बरीच तिखट आहे. मुलीच्याच तोंडून सांगितलेली, बोलण्यात फटकळ, आणि तिच्यात चक्क क्यूबा आहे. फिडेल कॅस्ट्रोच्या क्रांतीला मदत करायचं खूळ या पोरांच्या डोक्यात शिरतं, असा एक मोठा धागा तिच्यात आहे. १९५८ मध्ये अमेरिकी कॉलेजकुमाराला दाढीवाला कॅस्ट्रो रोमँटिक वीर वाटू शकत होता. १९६०च्या अखेरीला तसं म्हणण्याची सोय राहिली नव्हती. पटकथाकार जॉर्ज वेल्स यांनी तो भाग मुळासकट कापला. उरलं ते समुद्र, मुलं, मुली. निर्मात्याला तेवढंच पुरेसं होतं.

निर्मात्याविषयी थोडं सांगायला हवं. जो पास्टरनाक मूळचे हंगेरीचे, तरुण वयात अमेरिकेत आलेले. त्यांची कारकीर्दच उभी राहिली ती गाणाऱ्या, बागडणाऱ्या मुलींवर. १९३६ साली किशोरवयीन डिएना डर्बिनला घेऊन त्यांनी 'थ्री स्मार्ट गर्ल्स' काढला तेव्हा युनिव्हर्सल स्टुडिओ डबघाईला आला होता, आणि तिच्या सिनेमांनी त्याला तारलं असं मानलं जातं. तीन मुलींचं गणित त्यांना पाठ होतं. आता मुली चार झाल्या आणि घराणेदार दिवाणखान्याऐवजी समुद्र आला, एवढंच.

या चार मुलींपैकी मेरिट म्हणजे डोलोरेस हार्ट. एल्व्हिस प्रेस्लीबरोबर दोन सिनेमे करून बसलेली, शांत डोळ्यांची नटी. उंच, मिस्कील टगल म्हणजे पॉला प्रेंटिस. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नाट्यशिक्षण घेताना एमजीएमच्या माणसाने तिला हेरली, आणि हा तिचा पहिलाच सिनेमा. नाजूक, भाबडी मेलनी झाली इव्हेट मिम्यू. चौथी अँजी, म्हणजे कॉनी फ्रान्सिस. कॉनीचाही हा पहिलाच सिनेमा, पण रेकॉर्डच्या खपाचा विचार केला तर चौघींत खरी स्टार तीच. तरीही तिला दिली ती साध्यासुध्या, मुलांच्या नजरेत न भरणाऱ्या मैत्रिणीची भूमिका. त्या काळात गाणारीला नटी म्हणून फार भाव देत नसत.

सिनेमा सुरू होतो बर्फात, आणि पहिला खटका उडतो वर्गात. विषय आहे प्रेमाराधन आणि विवाह. असा विषय तेव्हा अमेरिकी कॉलेजांत खरोखर शिकवला जात असे. वयस्कर बाई पुस्तकातला उपदेश वाचून दाखवताहेत. सर्दीने बेजार झालेली मेरिट कंटाळून उठते आणि म्हणते, खरा प्रश्न तर वेगळाच आहे: लग्नाआधी मुलीने संसार-संसार खेळून बघावा की नाही? आणि तिचं स्वतःचं मत 'हो' आहे. वर्ग थिजतो, बाई लाल होतात, मेरिटची रवानगी डीनकडे. हा प्रसंग आज पाहताना त्यात काय विशेष, असं वाटेल. पण काळ ध्यानात घ्या. स्त्रियांच्या लैंगिक वर्तनावरचा संशोधक किन्सींचा अहवाल १९५३चा, आणि त्यावर अमेरिकेत प्रचंड गदारोळ झालेला. गर्भनिरोधक गोळीला सरकारी मान्यता मिळाली ती १९६० मध्येच, हा सिनेमा पडद्यावर येण्याच्या काही महिने आधी. पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणारी हॉलिवूडची नियमावली मात्र तिसाच्या दशकातलीच चालू होती, ती जायला १९६८ उजाडलं. अशा वेळी एका गोड चेहऱ्याच्या मुलीने भर वर्गात हे म्हणणं, तेही रंगीत सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे धाडसच. अर्थात पुढे मेरिट स्वतः बोलते तसं वागत नाही. बोलायला पुढे, करायला मागे. तिचं म्हणणं मनावर घेते ती मेलनी, आणि त्याची शिक्षाही मेलनीलाच. पटकथेचा हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. विचार मांडणारी सुखरूप आणि विचार ऐकणारी रस्त्यावर!

मधला भाग निखळ धमाल आहे. विद्यार्थी यायच्या आधी पोलीस कॅप्टन आपल्या शिपायांना जमवून समज देतो. ही पोरं कायदा मोडायला आलेली नाहीत, मोडतील नक्की, पण त्यासाठी आलेली नाहीत, असं काहीसं चिल विल्स आपल्या घोगऱ्या आवाजात सांगतो तेव्हा वर्षानुवर्षं असला मारा सोसलेल्या गावाचं सगळं शहाणपण त्यात आलेलं असतं. लिफ्ट मागत रस्त्यात भेटलेला जिम हटन आणि पॉला प्रेंटिस ही जोडी तर इतकी जमली की एमजीएमने ती पुढच्या तीन सिनेमांत पुन्हा वापरली. जमण्यामागे उंचीचाही हात होता. ती पाच फूट दहा इंच, तो सहा फूट पाच. आपल्यापेक्षा उंच मुलगा मिळेना ही टगलची तक्रार सिनेमात आहे, आणि बाईंना ती वेगळी रंगवावी लागली नसणार. फ्रँक गॉर्शिनचा चश्म्याविना आंधळा असलेला जाझवाला बेसिल 'डायलेक्टिक जाझ' वाजवतो, म्हणजे कळत नाही पण भारी आहे असं म्हणायचं ते संगीत. ते रचलं होतं पीट रुगोलो या खऱ्याखुऱ्या जाझ संगीतकाराने. आणि शेवटाकडे नाइटक्लबमध्ये काचेच्या मोठ्या टाकीत जलपरीचा खेळ करणारी बाई आहे. टगलचा तो उंच मित्र तिच्यावर भाळतो, झिंगलेल्या अवस्थेत टाकीत पडतो, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरी, असं करत सगळी मंडळी कपड्यांनिशी पाण्यात. सगळं ओळखीचं आहे, पण लय अचूक आहे.

आणि बरोबर याच हशावर घाव बसतो. सगळी पाण्यात नाचत असताना मेलनी एका मोटेलच्या खोलीत असते. येल विद्यापीठाच्या ज्या मुलावर तिने जीव टाकला त्याने तिला मित्राच्या हवाली केलेलं असतं. काय घडलं त्याला नियमावलीमुळे नाव देता येत नव्हतं. पण प्रेक्षकाला शंका राहत नाही. फाटक्या कपड्यांत, शुद्धीवर नसल्यासारखी ती महामार्गावर चालत जाते. दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट, दिवे डोळ्यांवर, आणि मग एका गाडीचा धक्का. दवाखान्यात पडल्या पडल्या तिला कळून चुकलेलं असतं, की आपल्याला येलची म्हणून सांगितलेली पोरं येलचीही नव्हती. तासाभरापूर्वी हसवणाऱ्या सिनेमात हे येतं, आणि पुढे पुन्हा वाळूवर नायक-नायिकेची समजूत पटून सिनेमा संपतो. बऱ्याच जणांना हा शेवट जोड लावल्यासारखा वाटतो. मला उलट वाटतं, सगळ्या सिनेमात खरा प्रामाणिक भाग हाच. सुट्टीच्या या मजेची किंमत कोण मोजतं, हे १९६०च्या एका करमणूकप्रधान सिनेमाने दाखवलं. पुढच्या कित्येक किनारी सिनेमांनी ते दाखवण्याची तसदीही घेतली नाही.

गाण्याचा किस्साही ऐकण्यासारखा. शीर्षकगीतासाठी स्टुडिओच्या मनात वेगळी माणसं होती. कॉनीने आग्रह धरून नील सेडाका आणि हॉवर्ड ग्रीनफिल्ड या तरुण जोडीला पुढे केलं, कारण तिची आधीची काही गाणी त्यांनीच लिहिली होती. त्यांनी या नावाची दोन गाणी केली. गायिकेला आणि त्या दोघांना जे आवडलं ते पास्टरनाकनी बाजूला ठेवलं आणि दुसरं, जुन्या धाटणीचं, भरजरी वाद्यमेळाचं घेतलं. १९६१च्या सुरुवातीला तेच गाणं बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. कॉनीने ते पुढे इतर भाषांतही गायलं. सिनेमा हसत-खेळत चाललेला असताना त्या गाण्यात मात्र वाट बघणाऱ्या मुलीची हुरहूर आहे, म्हणूनच ते सिनेमापेक्षा जास्त टिकलं असावं.

आता पडद्यावर जे नाही त्याकडे. सिनेमाभर किनाऱ्यावर हजारो तरुण दिसतात आणि सगळे गोरे. ही निवड दिग्दर्शकाची नव्हती. १९६० साली फोर्ट लॉडरडेलच्या त्या वाळूवर काळ्या माणसाला पाय ठेवायला बंदीच होती. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, १९५४ मध्ये शेजारच्या डेनिया गावाजवळ कृष्णवर्णीयांसाठी म्हणून वेगळा किनारा घेतला. पण तिथवर जायला रस्ताच केला नाही. होडीने जा, सावली नाही, पाणी नाही. रस्त्याचं आश्वासन वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं. गावातल्या गेटवे थिएटरात या सिनेमाचा खेळ थाटामाटात झाला तो डिसेंबर १९६० मध्ये. त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, ४ जुलै १९६१ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक अध्यक्ष युला जॉन्सन आणि डॉ. व्हॉन मिझेल काही कॉलेजविद्यार्थ्यांना घेऊन लास ओलासच्या किनाऱ्यावर गेले आणि सरळ पाण्यात उतरले. डॉ. मिझेल म्हणजे गावात काळ्या रुग्णांना दाखल करून घेणारं रुग्णालय उभारणाऱ्यांपैकी एक. पुढचे काही आठवडे माणसं येत राहिली, समुद्रात उतरत राहिली. त्यावर नगरपालिकेने काय करावं? तिने संघटनेवर आणि जॉन्सनबाईंवरच दावा ठोकला, हे असं उतरणं थांबवा म्हणून. जुलै १९६२ मध्ये न्यायाधीश टेड कॅबट यांनी पालिकेची मागणी फेटाळली आणि किनारा सगळ्यांना मोकळा झाला. पोरांनी बिअर पिऊन घातलेला धिंगाणा सांभाळून घ्यायला तयार असलेलं गाव काही माणसांच्या नुसत्या पोहण्याने कोर्टात गेलं होतं. डेनियाजवळच्या त्या किनाऱ्यावर आता राज्य उद्यान आहे आणि २०१६ पासून त्याला मिझेल आणि जॉन्सन या दोघांचं नाव आहे.

सिनेमा लागला आणि १९६१च्या इस्टरला वीस हजारांच्या जागी पन्नास हजारांच्या आसपास पोरं येऊन धडकली. शापोरा किल्ल्यावर एका हिंदी सिनेमानंतर काय गर्दी लोटली ते गोवेकरांना ठाऊक आहे, तसंच, पण एका आठवड्यात कोंबलेलं. रात्री किनाऱ्यावर बंदी घातल्यावर पोरं रस्त्यावर उतरली, रहदारी अडवली, पोलिसांनी धरपकड केली. सिनेमातला समंजस कॅप्टन प्रत्यक्षात सापडणं अवघडच होतं. हॉलिवूडने मात्र धडा घेतला तो वेगळाच. सर्फिंग करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या मुलीवरचा 'गिजेट' १९५९ मध्ये येऊन गेला होता, तो आणि हा, दोन्ही चालले. त्यामुळे १९६३ मध्ये 'बीच पार्टी' निघाला आणि मग स्वस्तातल्या किनारी सिनेमांची रांगच लागली. त्यांत मेलनी कुठेच नाही. पास्टरनाकनीही १९६५ मध्ये एल्व्हिसला घेऊन 'गर्ल हॅपी' काढला. गाव तेच, फोर्ट लॉडरडेल, सुट्टीही तीच, इशारा तेवढा गायब. १९८४ मध्ये मूळ सिनेमाची नवी आवृत्तीही आली आणि सपशेल आपटली. तोवर त्यातली गोष्ट सांगायला सिनेमाची गरजच उरली नव्हती.

डोलोरेस हार्टचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय या सिनेमाची गोष्ट कुणी संपवत नाही. लग्नाआधीच्या संसाराची बाजू मांडणारी ही मेरिट १९६३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कनेटिकटमधल्या रेजिना लॉडिस या बेनेडिक्टाइन मठात दाखल झाली आणि नन झाली. लोकांना यात मोठा विरोधाभास दिसतो. पण ब्रॉडवेवर नाटक करत असताना ती त्या मठात जाऊन राहिली होती, म्हणजे फ्लोरिडाच्या वाळूवर चित्रीकरण चाललं तेव्हा ती ओढ तिच्यात आधीच होती. तिच्यावरचा लघुपट २०१२ मध्ये ऑस्करच्या नामांकनात होता.

गावाचा संयम संपला तो १९८५ मध्ये. त्या वर्षी साडेतीन लाखांच्या आसपास विद्यार्थी आले. हॉटेलांच्या सज्ज्यांवरून पडून पोरं मरत होती, रस्ते तुंबत होते, आणि पैसेवाले प्रवासी त्या महिन्यात गावाकडे फिरकेनासे झाले होते. महापौर रॉबर्ट ड्रेसलर राष्ट्रीय टीव्हीवर गेले आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, आता येऊ नका. रस्त्यात उघडी बाटली दिसली की दंड, किनारा आणि रस्ता यांच्यामध्ये भिंत, आणि जोडीला दारूचं किमान वय २१ करायला राज्यांना भाग पाडणारा १९८४चा केंद्रीय कायदा. १९८९ पर्यंत आकडा पुन्हा वीस हजारांच्या घरात आला. जत्रा संपली नाही, पुढच्या गावाला गेली. १९८६ मध्ये एमटीव्हीने कॅमेरे लावले ते डेटोना बीचवर, मग फ्लोरिडातलंच पनामा सिटी बीच, मग मेक्सिकोतलं कानकून. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी पोरांना मार्चमधली ही आठवडाभराची सुट्टी माहीत असते ती याच जत्रेच्या नावाने, मग भले ती सुट्टी प्रयोगशाळेत नाहीतर भावाच्या घरी जावो. पनामा सिटी बीचनेही शेवटी मार्च महिन्यात वाळूवर दारू पिण्यावर बंदी आणली. आणि २०२४ मध्ये फोर्ट लॉडरडेलच्या शेजारच्या मायामी बीचने तर थेट जाहिरातच काढली, प्रेयसी-प्रियकराच्या ब्रेकअपच्या भाषेत: आपलं जमत नाही, आता वेगळे होऊ या. ड्रेसलर साहेब १९८५ मध्ये टीव्हीवर जे बोलले तेच, फक्त चांगल्या छायाचित्रणासह.